‘कुठलं!’ या उत्तराला पाचपैकी दोन गुण

आज संध्याकाळी बहिणीकडे आले. आठवीतल्या भाचीने मराठीची वही माझ्यापुढे टाकली आणि एक शब्दही न बोलता ती आत निघून गेली. गेली सव्वीस वर्षे मी मराठी शिकवते आहे, त्यामुळे वही उघडण्याआधीच आतल्या लाल शाईचा अंदाज मला येतो. तरीही आज जे वाचले त्यापायी हातातला चहा निवून गेला.

प्रश्न असा होता की, पाणी आले नाही म्हणून दोन शेजारणींमध्ये झालेला संवाद लिहा. भाचीने लिहिले होते:

“आलं का गं?”
“कुठलं!”
“काल पण नव्हतं.”
“काल होतं की. तू झोपली होतीस.”
“मग उठवायचं नाही का?”

‘आलं’चे ‘आले’ करण्यात आले होते. ‘कुठलं’भोवती गोल काढून पुढे प्रश्नचिन्ह दिले होते. खाली शेरा होता: ‘वाक्ये अपूर्ण. बोलीभाषा टाळा. विषयाला धरून लिहा.’ गुण पाचपैकी दोन. शिवाय वर्गात फळ्यावर लिहून दिलेला नमुना दुरुस्ती म्हणून पाच वेळा उतरवून आणायचा होता. त्या नमुन्यात पहिली बाई म्हणते, “नमस्कार सीमाताई, कशा आहात?” दुसरी म्हणते, “मी मजेत आहे. आपण कशा आहात?” पहिलीही मजेतच असते. नळाला थेंब नाही आणि दोघी मजेत आहेत. मग दुसरी तिला सांगते की पाणी हे जीवन आहे आणि आपण सर्वांनी त्याचा काटकसरीने वापर केला पाहिजे, आणि जिच्या घरात हंडाभरही पाणी उरलेले नाही ती बाई या उपदेशावर “अगदी बरोबर बोललात, धन्यवाद!” असे म्हणून निघून जाते. माझ्या उभ्या आयुष्यात एका शेजारणीने दुसरीला धन्यवाद म्हटल्याचे मी ऐकलेले नाही, आणि तुम्हीही ऐकले नसणार.

भाचीच्या पाच ओळी पुन्हा वाचून पाहा. दोघी अगं-तूगं करणाऱ्या आहेत. एक उशिरा उठते. दुसरीने काल स्वतःचे पाणी भरून घेतले आणि हिला हाक मारली नाही. “मग उठवायचं नाही का?” यात तक्रार आहे, हक्क आहे आणि अजून दोन ओळी मिळाल्या असत्या तर कडाक्याचे भांडणही जुंपले असते. हे सगळे तेरा वर्षांच्या मुलीने कुणीही न शिकवता केले आहे, आणि नेमक्या त्याच जागी आपण तिला थांबवले आहे.

मला राग आला की माझी आजी आठवते, कारण संवाद म्हणजे काय हे मला पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकघरात कळले. गारगोटीच्या बाजूला आमचे गाव. शेजारच्या शालनकाकींच्या घराने आमचा बांध कोरला म्हणून दोन्ही घरांत आठ महिने अबोला होता. त्याआधी कधीतरी त्यांनी आमची पितळेची डेचकी नेली होती, ती त्यांच्याकडेच राहून गेली होती. एका सकाळी त्या डेचकी घेऊन दारात आल्या. मी दहा वर्षांची होते आणि चुलीपाशी बसून भाकरी खात होते. झालेले बोलणे मला आजही जसेच्या तसे पाठ आहे.

“डेचकी आणलीया.”
“ठेव की तितं.”
“बुडाला जरा पोचा आलाय.”
“आदीपास्नंच हाय त्यो.”

तो पोचा आधीपासून नव्हता. ती डेचकी मी रोज चिंचेने घासत असे, तिचा तळ मला माझ्या हाताइतका ठाऊक होता, आणि मी तसे सांगायला तोंड उघडलेही होते. आजीने माझ्याकडे असे पाहिले की घास घशातच राहिला. डेचकीत गुळाचा खडा होता, कारण आपल्याकडे दुसऱ्याचे भांडे रिकामे परत देत नाहीत. आजीने गूळ काढून घेतला, चहाचे आधण ठेवले आणि दोघी बराच वेळ ऊस कधी तोडायचा त्यावर बोलत राहिल्या. बांधाचे नावही कुणी काढले नाही.

आता हाच प्रसंग त्या फळ्यावरच्या पद्धतीने लिहून पाहा. शालनकाकी म्हणतील, “मला माझ्या चुकीचा पश्चात्ताप होत आहे.” आजी म्हणेल, “जाऊ द्या, शेजारधर्म हाच खरा धर्म आहे.” पाचपैकी पाच! आणि माझी आजी मात्र त्या संवादात औषधालाही सापडणार नाही, कारण तिने क्षमा केली ती एक धडधडीत खोटे बोलून.

मला सांगा, या मुलांना आपण नेमके काय शिकवतो आहोत? माणसे मनात असेल तेच, पूर्ण वाक्यात, कर्ता-कर्म-क्रियापद जुळवून, एकमेकांना माहीत असलेली माहिती एकमेकांना पुरवत बोलतात, असे? गाईडे छापणाऱ्यांचे मी समजू शकते, त्यांना पाने भरायची असतात. पण शिक्षकाला तरी कान असावा की नाही! आणि बोलीभाषेचा एवढा विटाळ कशासाठी? मराठी साहित्य महामंडळाचे जे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, ज्यांच्या नावाने आपण मुलांच्या वह्या लाल करतो, त्यांतच पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालताना ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी रूपे अनुस्वार देऊन लिहावीत, असे सांगितले आहे. म्हणजे भाचीचे ‘आलं’ नियमानेच शुद्ध होते आणि अशुद्ध होती ती दुरुस्ती.

बरे, माणसे बोलतात तसा संवाद लिहिणे हे काही आजचे खूळ नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला तो दोघांना एकमेकांवर तुटून पडायला लावून. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, त्यात कुणबी, त्याची बायको आणि जोशी हे समोरासमोर बोलतात. मराठी पुस्तकांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही. तरीही १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना ते पुन्हा संवादाकडेच वळले आणि धोंडीबा नावाच्या पात्राला प्रश्न विचारायला बसवले. संवादाची इतकी जुनी सवय ज्या भाषेला आहे, त्या भाषेच्या वर्गात आज दोन शेजारणी ‘आपण कशा आहात’ म्हणत उभ्या आहेत.

असो. इतके लिहून झाल्यावर थोडे पाणी प्यायले.

मान्य आहे, साठ-साठ वह्या तपासणाऱ्या बाईंना प्रत्येक ‘कुठलं’पाशी थांबायला वेळ नसतो, आणि निबंधात भाचीने ‘आलं’ लिहिले असते तर रेघ मीही मारली असती. त्या बाई कोण आहेत हे मला ठाऊक नाही. कदाचित नव्याने लागलेल्या असतील, पर्यवेक्षकांना घाबरत असतील. मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी काय केले होते, तेही सांगून टाकते. बैल विकून आल्यावर बापलेकात झालेला संवाद लिहायला मी दिला होता. एका मुलाने दोनच ओळी लिहिल्या. “वैरण टाकली का रं?” “कुणाला?” मी खाली शेरा लिहिला होता, ‘संवाद किमान दहा ओळींचा हवा.’ आजीच्या स्वयंपाकघरात बसून भाकरी खाल्लेल्या मुलीने हे लिहिले होते! तो मुलगा आता कुठे असतो कोण जाणे. त्याची वही माझ्याकडे असती तर मी ती कपाटात ठेवली असती.

त्यानंतर मात्र मी वर्गात नमुना देणे बंद केले. आता मी मुलांना डेचकीची गोष्ट सांगते आणि विचारते की शालनकाकींना काय हवे होते आणि ते त्यांनी का मागितले नाही. एवढे उमगले की मुले आपोआप वेगळे लिहू लागतात. दोघांपैकी एकाला काहीतरी हवे आणि दुसऱ्याच्या मनात ते द्यायचे नाही, यापलीकडे विषय देत नाही. ‘नमस्कार’ आणि ‘कसे आहात’ यांना बंदी. रेशनच्या रांगेत किंवा पिठाच्या गिरणीवर अर्धा तास उभे राहून कानावर पडेल ते लिहून आणायचे, आणि मग त्यातले तीन चतुर्थांश खोडायचे, कारण खरी माणसे एकच गोष्ट चारदा बोलतात आणि कागदाला ते पेलत नाही. लिहून झाले की बोलणाऱ्यांची नावे हाताने झाकून शेजारच्याला वाचायला द्यायचे. कोण बोलते आहे हे त्याला ओळखता आले नाही, तर पुन्हा लिहायचे.

आपल्या भाषेत ते ओळखू येण्याची किती सोय आहे! अहो, अरे, अगं, तू, तुम्ही. एका ‘च’ने किंवा ‘म्हणे’ने सगळा सूर फिरतो. ‘आपलं घर’ आणि ‘आमचं घर’ यांत एक दार बंद होते. निरोप घेताना आपण ‘येते’ म्हणतो, ‘जाते’ म्हणत नाही, आणि आमच्या कोल्हापूरकडच्या बायका तर ‘येतो’ म्हणतात. शालनकाकी त्या सकाळी दारात आल्या तेव्हा त्यांनी आजीला कोणत्याही नात्याने हाक मारली नव्हती, ही गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. ‘डेचकी आणलीया’ हे वाक्य त्यांनी जणू भिंतीला सांगितले होते. चहा पिऊन उठताना मात्र त्या म्हणाल्या, “येतो, आक्का.” आठ महिन्यांनंतर तो ‘आक्का’ परत आला होता. हे मी मुलांना फळ्यावर लिहून कसे देणार? ऐकायलाच लावावे लागते.

भाची आता माझ्यासमोर बसून दुरुस्ती लिहिते आहे, कारण वही उद्या दाखवायची आहे आणि मावशीच्या रागाला शाळेत किंमत नाही. चौथ्यांदा ‘नमस्कार सीमाताई’ सुरू आहे. आतून बहिणीने विचारले, “झालं का गं लिहून?”

भाचीने मान वर न करता उत्तर दिले, “कुठलं!”