‘सेमिनरी कमी, आयटीआय जास्त’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ब्रदर, सलाम.

तुम्ही दोन स्टार दिलेत आणि खाली सविस्तर लिहिलंत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: आमच्या पाळक-प्रशिक्षण वर्गासाठी अठरा हजार भरून दोन वर्षं गुरुवारची सुट्टी घालवली, पण हाती आलेल्या सर्टिफिकेटवर तुमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, पाळकपदाची दीक्षा द्यायला नकार दिला. ग्रीक-हिब्रू नावापुरतं झालं, वेळ मात्र दवाखाना, दफनभूमी आणि लग्नाचा कायदा यांत गेला. उपदेश पुन्हा पुन्हा करायला लावला. शिफ्ट बदलली तरी हजेरी मागितली. शेवटी लिहिलंत, ‘सेमिनरी (पाळक घडवणारी शाळा) कमी, आयटीआय जास्त.’ हे वाक्य आमच्या शिक्षकांमध्ये फार गाजलं. कोणाला लागलं मात्र नाही. भोसरीत आयटीआय झालेल्या माणसाला मान आहे.

आधी सर्टिफिकेटचं. दीक्षा मंडळी देते, आम्ही नाही. प्रवेश अर्जाच्या पहिल्याच पानावर हे छापलेलं आहे आणि त्याखाली सही घेतल्याशिवाय आम्ही फी घेत नाही. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथॉडिस्ट मंडळीत पाळक व्हायचं असेल तर सहसा बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी लागते, आणि त्याआधी त्या मंडळीच्या प्रादेशिक संस्थेने तुमची निवड करावी लागते. सेरामपूरला पदवी द्यायचा अधिकार 1827 साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने मिळाला. आम्हाला कुठल्याच राजाने काही दिलेलं नाही, तसा दावाही आम्ही केलेला नाही. आमच्याकडे येतात ते बहुतेक स्वतंत्र मंडळ्यांचे लोक, किंवा पाळकाच्या हाताखाली मंडळीचं काम पाहणारे वडीलजन. ज्यांना भाषांचा खोल अभ्यास हवा, त्यांना आम्ही स्वतःच बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीचं नाव सुचवतो. ती 1983 मध्ये यवतमाळहून पुण्यात आली, तेव्हापासून पुणेकरांना लांब जायची गरज उरलेली नाही. पण तिथे पूर्णवेळ शिकायचं तर नोकरी सोडावी लागते, आणि ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्याला ते जमत नाही.

ही अडचण काही आपलीच नाही. ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या लक्षात आलं की खेड्यातल्या मंडळ्या प्रत्यक्षात चालवतात ती बायकापोरांची, शेतीभातीची माणसं, आणि शिकायला शहरात येतात ती तरुण पोरं, जी बरेचदा परत जात नाहीत. म्हणून 1963 मध्ये त्यांनी सेमिनरीच शिकणाऱ्याच्या दारी न्यायला सुरुवात केली. भारतात 1971 पासून बेंगळुरूची ‘टाफ्टी’ ही धर्मशिक्षण संस्था त्याच रीतीने शिकवते. आमचा वर्ग गुरुवारी का, तर एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. रविवारी तुम्ही तुमच्या मंडळीत हवेत, आमच्या वर्गात नव्हे.

आता दफनभूमीचं. यावर मी थोडं जास्त लिहिणार, कारण तुमचा सगळ्यात जास्त राग त्यावर दिसतो. दफनविधीचा सराव आम्ही वर्गात रिकाम्या बाकावर घेतो. मृताचं पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहून ती शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, घालायची, कारण ऐन वेळी घरचं हाकेचं नावच तोंडात येतं. शवपेटी खाली सोडताना दोर धरणाऱ्यांकडे बघायचं, पुस्तकाकडे नाही. ‘मातीस माती’ म्हणायच्या आधी माती कुठे ठेवलीय ते पाहून ठेवायचं. आईने पेटी धरून ठेवली तर थांबायचं, शास्त्रवचन ऐकवायचं नाही. नंतर अनुभवी पाळकाबरोबर खऱ्या दफनाला जायचं, मागे उभं राहायचं आणि सांगतील तेवढंच वाचायचं. हे पुस्तकातून शिकता येत असतं तर आम्ही पुस्तकच हातात दिलं असतं आणि तुमचे गुरुवार वाचले असते.

दवाखान्याचंही तसंच. ज्या कुटुंबाने बोलावलंय त्यांच्याकडेच जायचं, आधी सिस्टरला विचारायचं, खाटेवर बसायचं नाही, प्रार्थना हळू आवाजात आणि दोन मिनिटांत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आपला उपदेश नको असतो.

लग्नाच्या कायद्यावर दुपार वाया गेली म्हणता. 1872 चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा सांगतो की लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लावायचं. काही अपवाद आहेत, पण ते तुमच्या-माझ्यासाठी नाहीत. आपल्याकडे वरात डीजेपुढे नाचत साडेसहाला गेटवर येते. त्या वेळी नवरदेवाच्या मामाला काय सांगायचं, याचा सराव त्या दुपारी झाला. लग्न लावण्याचं सरकारी लायसन्स नसताना ते लावणं हा गुन्हा आहे, हेही त्याच दुपारी सांगितलं होतं.

उपदेश पुन्हा करायला लावतो, हे खरं आहे. पुढेही लावू. बारा मिनिटं, एकच उतारा, एकच मुद्दा. समोर बसलेल्यांपैकी कोणाला तरी उठवून मुद्दा काय होता ते विचारतो. त्याला सांगता आला नाही तर उपदेश परत. यात तुमच्या ज्ञानाचा अपमान नाही. नाईट शिफ्ट करून उपासनेला आलेल्या माणसाचे डोळे किती वेळ उघडे राहतात, ते तुम्हाला आमच्याहून जास्त माहीत आहे.

हजेरीबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘पौल तंबू शिवत सेवा करत होता, त्याला कोणी हजेरीपट लावला नव्हता.’ बायबलमधला प्रेषित पौल करिंथ शहरात तंबू शिवत होता, बरोबर. पण त्याच्या आधी तो गमलिएल या शास्त्राच्या गुरूच्या चरणांजवळ शिकला होता, हे त्याने स्वतःच सांगितलंय, प्रेषितांची कृत्ये 22:3. शिफ्ट बदलली तर बुधवारी रात्रीच्या बॅचला बसता येतं, आणि निम्मा वर्ग तसाच बसतो. दोन्ही बॅच चुकल्या तर गैरहजेरी लागणारच. सराव घरून होत नाही.

फी परत मागितली आहे. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर ती देता येत नाही, पावतीच्या मागे नियम आहे. मात्र मंडळीच्या वडीलजनांसाठी तुम्ही काय काय शिकलात याचं सविस्तर पत्र हवं असेल तर ते विनाशुल्क देऊ, आणि त्यांना मला फोन करायचा असेल तर जरूर करू द्या. ऑफिस गुरुवारी दुपारी दोननंतर उघडं असतं. येताना अर्जाची झेरॉक्स आणा.