लांडग्यांचा ‘अल्फा’ आणि भांडुपचा भाचा

परवा ताईचा फोन. “तुझा भाचा हल्ली घरात कुणाला सॉरी म्हणत नाही. म्हणे, अल्फा माणूस माफी मागत नाही!” कारटं भांडुपला राहतं, नुकतंच नोकरीला लागलंय. हे त्याच्या डोक्यात भरवणारा मेसेज मागोमाग मलाही आला : लांडग्यांच्या कळपात एक अल्फा नर बाकीच्यांना लोळवून वर चढतो, माणसांतही तेच चालतं, दोन मिनिटं छाती काढून उभे राहा, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढतं, जागा अडवून बसा, माफी मागू नका. शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. अल्फाला दहा जण कशाला लागतात, देव जाणे.

आधी लांडगे. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांच्या मारामाऱ्या नोंदवल्या, त्यातून अल्फाची कल्पना निघाली. कोंडून ठेवलेली जनावरं ती. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970च्या पुस्तकाने ‘अल्फा’ जगभर पोचवला. पुढे हेच मेक कॅनडातल्या एल्समिअर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे रानटी लांडग्यांच्या मागे फिरले आणि 1999च्या शोधनिबंधात स्वतःचंच म्हणणं खोडून बसले. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब : आई, बाप आणि त्यांची पिल्लं. पिल्लू मोठं झालं की बापाला लोळवत नाही. घर सोडतं, जोडीदार शोधतं, संसार थाटतं. जुनं पुस्तक छापू नका म्हणून मेक प्रकाशकाच्या मागे लागले होते. 2022 साली छपाई थांबली. मेसेज मात्र फिरतोच आहे. आणि लांडग्यांचाच हिशेब लावायचा तर भांडुपच्या त्या घरातली अल्फा आमची ताई. पहाटे पाचला उठून याचा डबा ती भरते.

छाती काढण्याचं प्रकरण 2010चं, 42 जणांवरच्या प्रयोगातलं. 2015मध्ये 200 जणांवर करून पाहिलं तर हार्मोन ढिम्म हलले नाहीत. मूळ संशोधकांपैकी डेना कार्नी यांनीच 2016मध्ये सांगितलं की आपला आता यावर विश्वास नाही. घटकाभर रुबाबदार वाटतं, एवढं खरं.

एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने. दमदाटी चालते. 2013च्या एका अभ्यासात अनोळखी लोकांच्या गटांमध्ये धाक घालणाऱ्यांचंही ऐकलं गेलं. पण तितकंच ऐकलं गेलं ज्यांना काही येत होतं त्यांचं, आणि लोकांना आवडले ते हे दुसरे. मेसेजवाल्याने अर्धाच निकाल उचलला.

राहिली जागा अडवायची बात. भाच्याला फोनवर विचारलं, “सकाळच्या स्लो लोकलला किती जागा अडवतोस रे?”

“मामा, तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली तरी पुष्कळ.”