पडदा सरकला तर महिनाभर थांबायचं? फिरत्या संदेशाला मुद्द्यागणिक उत्तर

व्हॉट्सॲपवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: "डोळ्याचा पडदा सरकला तर ऑपरेशनची घाई करू नका. गाईचं तूप डोळ्यात घाला, त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा, डोळे गोल फिरवायचा व्यायाम करा. महिनाभरात पडदा जागेवर येतो. डॉक्टर डोळ्यात तेल भरतात, पुन्हा पुन्हा ऑपरेशन करतात, दहा दिवस पालथं झोपवतात आणि नजर जायची ती जातेच. लेझर आणि इंजेक्शन तर मुळीच नको." खाली कुणाचे तरी काका बरे झाल्याचा अनुभव जोडलेला असतो. या संदेशातला सगळ्यात घातक शब्द 'महिनाभर' हा आहे. का, ते पुढे येईलच.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. आपण 'पडदा' हा शब्द तीन गोष्टींना वापरतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी बसवलेल्या लेन्सच्या मागे येणारी जाळी, नाकाच्या बाजूने बुबुळावर चढणारी वेल, आणि डोळ्याच्या आत मागच्या बाजूला अस्तरासारखा असलेला खरा पडदा, म्हणजे रेटिना. जाळी असेल तर लेझरने पाच मिनिटांत काम होतं, वेल असेल तर वर्षानुवर्षं थांबता येतं. रेटिना सुटली असेल तर दिवस मोजावे लागतात. शेजारच्या मावशींचा पडदा निघाला आणि त्यांना काही झालं नाही, हे ऐकून कुणी निर्धास्त होऊ नये.

"समोर माश्या दिसणं, चमकणं म्हणजे पित्त किंवा अशक्तपणा"

डोळ्याच्या पोकळीत व्हिट्रियस नावाची पारदर्शक जेली असते. पन्नाशी-साठीत ती पातळ होऊन पडद्यापासून सुटते. चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल, डोळ्याला मार लागला असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर आधीच सुटते. सुटताना पडदा ओढला जातो, म्हणून कडेला वीज चमकल्यासारखं दिसतं. जेलीतल्या गुठळ्यांची सावली पडते, म्हणून ठिपके आणि कोळ्याची जाळी तरंगताना दिसतात. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. पण हे अचानक सुरू झालेल्या दर सात-आठ जणांत एकाच्या पडद्याला चीर गेलेली सापडते. अशी ताजी, घोड्याच्या नालेच्या आकाराची चीर तशीच सोडली तर जवळपास निम्म्या लोकांचा पडदा पुढे सुटतो. वेळेत सापडली तर तिच्याभोवती लेझरच्या ठिपक्यांच्या तीन ओळी मारतात. डोळा थेंबांनी बधिर करून दहा-पंधरा मिनिटांत हे होतं, थिएटरसुद्धा लागत नाही. ठिपक्यांच्या जागी पडदा पक्का चिकटायला १० ते १४ दिवस जातात. एवढ्याने पडदा सुटण्याचा धोका ५ टक्क्यांच्या खाली येतो.

"चष्म्याच्या दुकानात तपासलं, सगळं वाचता येतं, मग पडदा ठीकच"

पाटीवरची शेवटची ओळ वाचता येणं ही मॅक्युलाची, पडद्याच्या मधल्या जेमतेम काही मिलिमीटरच्या भागाची, परीक्षा आहे. चिरा पडतात कडेला. तिथे पाहायचं तर ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलेफ्रिनचे थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते, त्याला २० ते ४० मिनिटं लागतात. मग रुग्णाला आडवं करून डॉक्टर डोक्यावर दिव्याचं यंत्र लावतात, हातात २० डायॉप्टरचं भिंग धरतात आणि एका बोथट दांडीने पापणीवरून डोळा हलकेच दाबत वर, खाली, कडेला बघायला सांगतात. दाबल्यामुळे आतली कड उचलली जाते आणि दडलेली चीर उघडी पडते. थोडा दाब जाणवतो, इजा होत नाही. ओसीटी यंत्र मॅक्युलाचे थर काही मायक्रॉनपर्यंत बारीक दाखवतं, पण कडेची चीर त्यात येत नाही. आत रक्त साचलं असेल किंवा मोतीबिंदू पिकला असेल तर डोळ्याची सोनोग्राफी करावी लागते. तेव्हा 'तपासणी झाली' म्हणजे नेमकं काय झालं, हे विचारा. थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसतं, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

घरी एवढं करा: एकेक डोळा झाकून बघा. दोन्ही उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो आणि कडेने येणारी काळी सावली कितीतरी दिवस लक्षातच येत नाही.

"तूप, त्रिफळा आणि व्यायामाने पडदा जागेवर येतो"

पडदा सुटतो तो चिरेतून पातळ झालेली जेली मागे शिरल्यामुळे. भिंतीचा रंग ओल आल्यावर सुटतो तसाच. गळती बंद केल्याशिवाय रंगावर रंग चढवून उपयोग नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनॅं यांनी १९२०च्या दशकात हेच दाखवून दिलं: चीर शोधा, बुजवा, पडदा बसतो. त्याआधी हा आजार जवळजवळ असाध्य मानला जाई. आजच्या सगळ्या शस्त्रक्रिया त्याच तत्त्वावर उभ्या आहेत.

डोळ्याच्या वर घातलेलं तूप त्या चिरेपर्यंत पोचतच नाही. उलट घरचं तूप, मध, काढ्याचं पाणी निर्जंतुक नसतं. बुबुळावर जखम होऊन पू धरला तर दुसरंच संकट. आणि डोळे फिरवण्याचा व्यायाम या आजारात सरळसरळ नुकसान करतो, कारण डोळा हलला की आतलं पाणी घुसळतं आणि चिरेतून आणखी मागे जातं. ऑपरेशनची वाट पाहणाऱ्याला शांत पडून राहायला सांगतात ते म्हणूनच.

"पण काकांना गुण आला"

काका खोटं बोलत नसतील. पडद्याखाली पाणी होण्याचं सेंट्रल सीरस नावाचं एक वेगळं दुखणं आहे. ते तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांत जास्त दिसतं, स्टिरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शनं, मलमांनी बळावतं. मधोमध डाग दिसतो, वस्तू लहान वाटतात. यात चीर नसते, आणि बहुतेकांचं पाणी तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. त्या काळात जे काही घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. ओसीटीचा एक फोटो काढला की हा फरक कळतो. मधुमेहात पडदा ओढून सुटतो ते आणखी तिसरंच. तिन्हींचं नाव लोकांच्या तोंडी एकच, उपचार मात्र वेगवेगळे.

"घाई नको, महिनाभर बघा"

पडद्याच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींना प्राणवायू मिळतो तो मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून. पडदा सुटला की त्यांची उपासमार सुरू होते. मॅक्युला अजून चिकटलेला असेल तर ऑपरेशन शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करायचं असतं, कारण तसं केलं तर आहे ती नजर बहुधा टिकते. मॅक्युलाही सुटला असेल तर पहिले काही दिवस महत्त्वाचे, आठवड्यापलीकडे परत येणारी नजर घटत जाते. महिना उलटला की आणखी एक गोष्ट घडते: पेशी पडद्यावर जाऊन खपलीसारखे पापुद्रे बनवतात, पडदा आकसतो, घड्या पडून ताठ होतो. आठवड्याभरात एका ऑपरेशनमध्ये बसला असता तो पडदा आता दोन-तीन ऑपरेशनं मागतो. मग लोक म्हणतात, ऑपरेशननेच बिघडलं.

"तेल भरून पुन्हा ऑपरेशन करायला लावतात"

तेल सगळ्यांना भरत नाहीत. तरुण रुग्ण, जेली अजून घट्ट, खालच्या बाजूची चीर, अशा वेळी डोळ्याबाहेरून सिलिकॉनचा पट्टा शिवून भिंत आत दाबतात, याला बकल म्हणतात. बाकी बहुतेकांची व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे आतली जेली काढायची शस्त्रक्रिया होते. १९७०च्या सुमारास नेत्रशल्यविशारद रॉबर्ट माकेमर यांनी अमेरिकेतल्या मायामीत ती सुरू केली. आता बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर तीन बारीक छिद्रं पाडतात. एकातून सलाइन, दुसऱ्यातून दिवा, तिसऱ्यातून मिनिटाला हजारो वेळा कापणारा कटर. ओढणारी जेली काढायची, पडद्यामागचं पाणी शोषून हवा भरायची, चिरेभोवती लेझर मारायचं, आणि तो चिकटेपर्यंत पडदा आतून दाबून धरायला गॅस किंवा तेल. एसएफ-सिक्स गॅस साधारण दोन आठवडे राहतो, सी-थ्री-एफ-एट सहा ते आठ आठवडे. दोन्ही आपोआप विरतात.

सिलिकॉन तेल विरत नाही. पडदा आकसलेला असेल, किंवा रुग्णाला ठरलेल्या स्थितीत झोपणं जमणार नसेल, तेव्हा ते निवडतात. ते काढण्याचं दुसरं ऑपरेशन पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं, बहुधा तीन ते सहा महिन्यांनी. डॉक्टरांनी हे आधी स्पष्ट सांगायलाच हवं. सांगितलं नाही तर फसवल्यासारखं वाटणं साहजिक आहे. तेल आहे तोवर नंबर बदललेला असतो, धूसर दिसतं. 'आता बरं आहे' म्हणून तेल वर्षानुवर्षं ठेवलं तर त्याचे बारीक थेंब होतात, डोळ्याचा दाब वाढतो, बुबुळ पांढरं पडू शकतं. खरा उणा भागही सांगतो: पहिल्याच ऑपरेशनमध्ये पडदा बसण्याचं प्रमाण ८५ ते ९० टक्के आहे, शंभर नाही. आणि व्हिट्रेक्टॉमीनंतर मोतीबिंदू लवकर येतो.

"लेझर, इंजेक्शन नकोच"

मधुमेहात पडद्यावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवतात तेव्हाचं लेझर नजर वाढवायला नसतं, असलेली राखायला असतं. त्यात रात्रीचं आणि कडेचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं, पण तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याने घटतो. मॅक्युलाच्या सुजेसाठी डोळ्यात देतात ते इंजेक्शन ०.०५ मिलिलिटरचं. आधी डोळा पोव्हिडोन आयोडीनने धुतात. जंतुसंसर्ग काही हजारांत एखाद्याला होतो. मात्र नंतर दुखायला लागलं, लाली आणि धूसरपणा वाढत गेला तर त्याच दिवशी परत जा.

"पालथं झोपवणं म्हणजे छळ"

मान अवघडते, पाठ दुखते, हे खरं आहे. पण गॅस वर तरंगतो. चीर ज्या बाजूला असेल ती वर राहिली तरच बुडबुडा तिच्यावर टेकतो. म्हणून कुणाला पालथं, कुणाला कुशीवर, कुणाला नुसतं बसून राहायला सांगतात. आपली बाजू कोणती, किती दिवस, हे कागदावर लिहून घ्या. गॅस असेपर्यंत विमान बंद, आणि घाटसुद्धा. मुंबईहून महाबळेश्वरला चढलात तर हवेचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतो, बुडबुडा फुगतो, डोळ्याचा दाब वाढून नस कायमची दुखावू शकते. तोवर दुसरं कुठलंही ऑपरेशन निघालं तर भूलतज्ज्ञांना गॅसबद्दल आधी सांगा, नायट्रस ऑक्साइडनेही तो फुगतो. गॅस विरू लागला की नजरेत वरून एक आडवी रेघ खाली उतरताना दिसते, रेघेच्या वरचं स्पष्ट आणि खालचं थरथरतं. शेवटी तळाशी गोल थेंब उरतो आणि एके दिवशी तोही दिसेनासा होतो. त्यानंतर डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की मगच गावचा घाट चढा.