हिरव्या कव्हरचं पुस्तक

अभिप्राय वहीत नवी नोंद पडली आहे. "संदर्भ विभागात आवश्यक पुस्तके उपलब्ध नाहीत. कर्मचाऱ्यांना विषयाची माहिती नाही. शोधण्याची इच्छा दिसत नाही." तिन्ही वाक्यांना पूर्णविराम आहेत, शुद्धलेखन ठीक आहे. लिहिलंय आमच्याच पेननं, जे दोऱ्यानं टेबलाला बांधलेलं होतं. आता दोरा आहे.

हे टेबल कोल्हापुरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. वर 'संदर्भ सेवा' अशी पाटी आहे, म्हणून लोक विचारतात की परीक्षा विभाग कुठं, मायग्रेशन सर्टिफिकेट कुठं मिळतं, वाय-फायचा पासवर्ड काय, टाइप-सीचा चार्जर आहे का. पावसाळ्यात ओल्या छत्र्या टेबलाच्या पायाशी टेकवून जातात आणि संध्याकाळी "माझी काळी होती" म्हणून परत येतात. सगळ्यांच्याच काळ्या असतात. यातून वेळ उरला तर संदर्भ.

आणि संदर्भ विचारायला येणारा माणूस हवं ते कधीच विचारत नाही. "शाहू महाराजांवर काय आहे?" म्हणतो. आहे ना, अख्खं कपाट आहे. मग कशासाठी, किती पानांचं, मराठीत की इंग्रजीत, कधी द्यायचंय, असं एकेक विचारत गेलं की अर्ध्या तासानं कळतं, त्याला फक्त २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम हवाय, शब्दशः, आणि सेमिनार दुपारी आहे. हुकूम पाच मिनिटांत निघतो. तो ओळखायलाच अर्धा तास लागतो. कोल्हापूरची माहिती मागणाऱ्यासमोर १८८६ च्या गॅझेटियरचा चोविसावा खंड ठेवावा, तर त्याला पंचगंगेतल्या पाच नद्या हव्या असतात. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती सांगितल्या आणि पाचवी सरस्वती गुप्त आहे म्हटलं, की माणूस असा बघतो जणू नदी आम्हीच दडवली.

तर परवाचा शोधछात्र. नम्र पोरगा. विषय तालमी आणि कुस्ती, म्हणजे गावाला शोभेलसा. हातात छापील संदर्भयादी. "मॅडम, यातलं फक्त चौथं मिळालं तरी चालेल."

चौथं होतं 'करवीरच्या तालमी : माती, सत्ता आणि समाज', पुणे, १९८७. लेखक पाटील. कोल्हापुरात पाटील आडनावावरून माणूस शोधायला सांगणं हा गुन्हा धरायला हवा.

कॉम्प्युटरवरच्या तालिकेत शोधलं. नाही. तेवढ्यावर 'नाही' म्हणता येत नाही, कारण जुन्या नोंदी कुणी रोमन लिपीत घातल्यात, कुणी युनिकोड यायच्या आधीच्या फॉन्टमध्ये, आणि काहींत 'तालीम'चा 'ली' ऱ्हस्व पडलाय. म्हणून चार तऱ्हांनी टाइप करून बघावं लागतं. मग आद्याक्षरानं. मग साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या कार्डांचं लाकडी कपाट, ज्याचे खण आता ओढले की सांध्यासकट बाहेर येतात. मग वर्ल्डकॅट, म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांची एकत्र तालिका. मग कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची तालिका, कारण १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक प्रकाशकानं नव्या पुस्तकाची प्रत तिथं पाठवायची असते. सगळेच पाठवतात असं नाही, पण निदान पुण्याचा प्रकाशक तरी सापडावा. यादीतला प्रकाशक सापडला. त्यानं धंदा सुरू केला तोच १९८७ नंतर.

इथं माझ्या लक्षात आलं आणि मी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, बघितला. तेरा आकडी, ९७८ नं सुरू होणारा. तेरा आकडे आले १ जानेवारी २००७ पासून, त्याआधी दहाच असायचे. नंतरची आवृत्ती असेल तर तेरा असू शकतात, म्हणून आकड्यांची बेरीजही केली: पहिला जसाच्या तसा, दुसरा तीनपट, तिसरा तसाच, चौथा तीनपट, असं शेवटपर्यंत. एकूण बेरजेला दहानं पूर्ण भाग जायला हवा. गेला नाही.

मग बाकीच्या यादीकडे वळले. एका इंग्रजी लेखापुढं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, खंड ३१, १९८७' असं होतं. ते साप्ताहिक या नावानं १९६६ साली निघालं आणि तोच खंड १. म्हणजे सालातून १९६५ वजा केले की खंड मिळतो, १९८७ चा २२. ३१ वा खंड १९९६ चा. दुसऱ्या लेखाचा डीओआय, म्हणजे ऑनलाइन लेखाचा कायमचा क्रमांक, शोधाच्या पेटीत टाकला तर असा डीओआयच नाही म्हणून उत्तर आलं. यादी दिसायला झणझणीत, कट भरपूर, खाली मटकीचा दाणा नाही.

"ही यादी कुणी दिली?"

"एआयनं, मॅडम."

"ही पुस्तकं नाहीत."

"आपल्याकडं नाहीत?"

"कुणाकडंच नाहीत. लिहिलीच नाहीत कुणी."

त्यानं माझ्यासमोरच मोबाइलवर चॅटबॉटला विचारलं. चॅटबॉटनं तत्काळ दिलगिरी व्यक्त केली, गैरसोयीबद्दल क्षमा मागितली आणि नवी यादी दिली. तिच्यात आणखी तीन पुस्तकं होती. इतक्या नम्रपणे या टेबलावर आजवर कुणी माफी मागितलेली नाही. मागितली तीही त्याची.

इथवर सगळं रोजचंच. एवढ्यावर पोरगा गेला असता. पण टेबलाशेजारच्या खुर्चीत अण्णा होते.

अण्णा म्हणजे सेवानिवृत्त. कशातून, ते कुणी विचारलेलं नाही. वाचनकक्षात दहाला येतात, चार वर्तमानपत्रं एकदम मांडीवर घेतात, त्यामुळं उरलेल्या जगाला ती मिळत नाहीत. शब्दकोडं पेननं सोडवतात. आमच्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कुठलं पुस्तक म्हणालाय?"

पोरानं नाव सांगितलं.

"आवो, हाय की ते! मी वाचलंय."

मी म्हटलं, "अण्णा, हे पुस्तक नाही. कॉम्प्युटरनं रचलेलं नाव आहे."

"बाई, कॉम्प्युटर काल आला. मी पुस्तक वाचलंय त्याला चाळीस वर्सं झाली. हिरवं कव्हर. मागल्या बाजूला मारुतीचं चित्र. जाडी एवढी." अण्णांनी बोटांत जाडी दाखवली. पोरानं लगेच वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं, जाडी?

"कुठं वाचलंत?"

"तालमीतच. वस्तादांच्या पेटीत असायचं. खासबागेच्या मैदानावर एक पान हाय त्यात, काय लिवलंय म्हाराजा! वाचताना अंगाला माती लागल्यागत वाटतं."

"लेखक कोण?"

"पाटील," अण्णा म्हणाले. यादी अजून पोराच्या हातात, तोंड अण्णांकडं. "उंच माणूस. सायकलवरनं यायचा."

मी वर्ष, प्रकाशक, आयएसबीएनची बेरीज, खंडाची वजाबाकी, सगळं समजावून सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि पोराकडं वळून म्हणाले, "बाईंना नावं पाठ असत्यात, पुस्तकं न्हाईत. चला, कपाटात बघू." दोघं निघाले. मीही गेले, कारण अण्णांना कपाटाजवळ एकटं सोडायचं नसतं. त्यांनी हातात घेतलेलं पुस्तक ते आपल्या मतानं योग्य जागी ठेवतात, आणि चुकीच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक हे चोरीला गेलेल्या पुस्तकापेक्षा वाईट. चोरीची निदान नोंद तरी होते. म्हणून तर 'वाचून झालेले पुस्तक टेबलावरच ठेवावे' अशी पाटी आहे. तिच्याखाली अण्णा बसतात.

कुस्तीचा वर्गांक, म्हणजे विषयावरून फळी ठरवणारा आकडा, ७९६.८१२. पलीकडं ७९६.८१५ ला कराटे आणि ज्युदो. पण खेळाचं समाजशास्त्र ३०६.४८३ ला जातं, आणि संस्थानचा इतिहास ९५४.७९ ला, दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे तालमीवरचं पुस्तक तीन ठिकाणी असू शकतं. हे मी बोलले आणि तिथं फसले, कारण 'असू शकतं' एवढंच त्या दोघांनी ऐकलं. तिन्ही ठिकाणी गेलो. जिन्यात अण्णांना दम लागला, तर पोरानं माझ्याकडं रागानं बघितलं.

कुस्तीच्या फळीवर उजवीकडं जागा मोकळी होती. ती मुद्दाम ठेवतात. प्रत्येक फळीचा चौथा-पाचवा हिस्सा नव्या पुस्तकांसाठी रिकामा सोडायचा. ठासून भरली तर लोक पुस्तक वरच्या टोकाला बोट घालून ओढतात आणि पाठीची शिवण तिथूनच उसवते. शिवाय इथल्या पावसात हवा खेळली नाही तर आठवड्यात बुरशी धरते. अण्णांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"हे बघा. हितंच होतं."

पोरगा त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला. मग त्यानं मोबाइल काढला आणि तिचा फोटो घेतला.

मला राग अण्णांचा नाही. (आहे.) पण त्यापेक्षा या गोष्टीचा आहे की एखादं पुस्तक सापडलं तर दोन मिनिटांचं काम, आणि नाही हे सिद्ध करायला सगळी सकाळ. पहिल्याला 'थँक्यू मॅडम', दुसऱ्याला अभिप्राय वही. दैनंदिन नोंदपत्रकात रकाने दोनच: 'माहिती दिली' आणि 'देता आली नाही'. ही सकाळ दुसऱ्या रकान्यात गेली. महिन्याच्या अहवालात तिचा आकडा होईल आणि बैठकीत कुणीतरी विचारेल, हा आकडा वाढतोय का. त्याच बैठकीत रिक्त जागा कधी भरणार हे विचारायचं नसतं. काउंटरला दोघींचं काम एकीनं करायचं, आणि १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनाला गुलाबाचं फूल घ्यायचं. फूलही यंदा दोघींत एक आलं.

आणखी एक गोष्ट टोचते. प्रबंधाची साहित्यचौर्य तपासणीही आमच्याकडंच असते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांनी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० च्या वर ४० पर्यंत गेलं की सुधारून पुन्हा सादर करायचं, सहा महिन्यांच्या आत. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरत नाहीत. संदर्भसूचीही वगळतात. म्हणजे खरी पुस्तकं वाचून, त्यातलं जरा जास्त उतरवून घेतलेल्या पोरीला ११ टक्के येतात आणि ती इथं उभी राहून रडते. अस्तित्वात नसलेल्या पुस्तकातून घेतलेला उतारा कशाशीच जुळत नाही. शून्य टक्के. सॉफ्टवेअर हिरवी खूण देतं. प्रमाणपत्रावर सही आमची.

पोरगा गेला तो थेट विभागात. दुपारी पुस्तक शिफारशीचा फॉर्म घेऊन आला. शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, आयएसबीएन, सगळे रकाने भरलेले. आमच्याकडं येणाऱ्या फॉर्मांत इतका पूर्ण भरलेला फॉर्म विरळा, प्राध्यापक मंडळी सहसा 'कुस्तीवरील चांगली पुस्तके' एवढंच लिहितात. मार्गदर्शकांची सही होती. विभागप्रमुखांची सही आणि शिक्का. प्रती : ३.

सही-शिक्क्याचा फॉर्म परत करता येत नाही, त्यावर शेरा मारावा लागतो. शेऱ्याचे रबरी शिक्के आमच्याकडं तीन आहेत. 'प्रत उपलब्ध आहे', 'मागणी नोंदवली', 'छपाईत नाही'. चौथा करून घ्यायचा तर स्टेशनरीची मागणी आधी मंजूर व्हावी लागते. मी 'छपाईत नाही' मारणार होते. त्यावर वरून सांगणं आलं की संशोधकाची मागणी आहे, आपल्या अंदाजानं नाकारू नका, रीतसर दर मागवा.

मागवले. पुरवठादार यादी वाचत नाहीत, ओळी मोजतात. आधी सगळ्याला 'हो' म्हणायचं, ऑर्डर हातात पडली की निम्म्याला 'प्रकाशकाकडे शिल्लक नाही' कळवायचं, ही रीत आहे. पहिल्याचं उत्तर आज आलं. लेटरहेडवर, सहीनिशी : पुस्तक उपलब्ध, किंमत ४५० रुपये, सवलत २० टक्के, पुरवठा ४ ते ६ आठवड्यांत.

अण्णांना हे कळू दिलेलं नाही. कागद फाइलला लावला आहे. नियमानं तीन दरपत्रकं लागतात, दोन अजून यायची आहेत.