‘फिल्मचा फोटो टाका, रिपोर्ट घ्या’: त्या मेसेजचा मुद्देसूद प्रतिवाद

सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत भावकीच्या, सोसायटीच्या आणि दहावीच्या बॅचच्या ग्रुपांवर थोड्याफार फरकाने एकच मेसेज फिरतो आहे. एक्स-रे, सीटी, एमआरआय कशाचीही फिल्म खिडकीपाशी धरा, मोबाइलने फोटो काढा, एआयच्या ॲपमध्ये टाका आणि अर्ध्या मिनिटात रिपोर्ट घ्या. म्हणे ९९ टक्के अचूक. स्वीडनमध्ये मशीनच रिपोर्ट करतं, टीबीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनंही मान्यता दिली आहे, पण आपल्याकडचे डॉक्टर फी बुडेल म्हणून हे लपवतात. डॉक्टरनं आता नुसती सही करायची. आणि शेवटी, ‘काहीही दुखलं तर सरळ एमआरआय काढा, पुढचं एआय सांगेल.’

यातल्या स्वीडन आणि टीबीच्या वाक्यांत तथ्य आहे. त्या दोघांच्या आधारावरच बाकीचा मेसेज खपतो. म्हणून एकेक वाक्य सोडवून पाहू.

‘फिल्मचा फोटो काढा’

सगळ्यात मोठा घोटाळा इथेच आहे. छातीचा सीटी काढला की एक-दीड मिलिमीटर जाडीचे तीनशे-चारशे छेद कॉम्प्युटरमध्ये तयार होतात. १४ बाय १७ इंची फिल्मवर त्यातले वीस-तीस छापून येतात. उरलेले सीडीवर आणि सेंटरच्या सर्व्हरवर राहतात. फोटो कितीही स्पष्ट आला तरी जे छापलंच नाही ते त्यात येणार नाही.

जे छापलं आहे तेही एकाच ठरावीक छटांच्या पट्ट्यात. सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक अंक असतो: हवा उणे १०००, पाणी ०, टणक हाड हजाराच्या आसपास किंवा वर. मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांतला फरक जेमतेम दहाएक अंकांचा. ताज्या पक्षाघातात तोही पुसट होतो आणि तीच खूण शोधायची असते. म्हणून मेंदू पाहताना ४० हा मध्य धरून फक्त ८० अंकांचा पट्टा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवतात. याला विंडो म्हणतात. पक्षाघाताचा संशय असला की हा पट्टा ४० पर्यंत आवळतात. फुप्फुसासाठी मध्य उणे ६०० आणि पट्टा १५००. रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारा डॉक्टर, पडद्यावर माउसनं या विंडो सतत बदलत असतो. फिल्मवर एक विंडो छापली की बाकीच्या गेल्या. मेंदूच्या विंडोत छापलेल्या फिल्मवर कवटीची बारीक चीर शोधायला माणूस बसवा नाहीतर सॉफ्टवेअर, दोघांनाही ती दिसणार नाही.

साध्या एक्स-रेचं गणित वेगळं, पण तोटा तसाच. डिजिटल एक्स-रेमध्ये १२ ते १४ बिट म्हणजे ४,०९६ ते १६,३८४ छटा असतात. मोबाइलच्या नेहमीच्या जेपीजी फोटोत ८ बिट, २५६ छटा. त्यावर व्हॉट्सॲप फोटो आणखी आवळून पाठवतं. बरगडीमागे लपलेली लहान गाठ किंवा फुप्फुसाभोवती जमलेल्या हवेची केसाएवढी रेघ या दोन पायऱ्यांत सहज हरवते.

मग हाताच्या चुका. फिल्ममागे खिडकीचं ग्रिल असेल तर फुप्फुसावर उभ्या रेघा उमटतात. ट्यूबलाइटचं किंवा फ्लॅशचं प्रतिबिंब पडलं तर पांढरा गोल डाग दिसतो आणि सॉफ्टवेअर त्याला गाठ म्हणू शकतं. फिल्म उलटी धरली तर हृदय उजवीकडे जातं. कोपऱ्यातलं आर किंवा एल अक्षर आरशातल्यासारखं दिसतं का, हे कुणी बघत नाही. आणि फोटो चौकटीत बसवताना कडा कापल्या जातात. टीबी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी बसतो आणि छातीत पाणी होऊ लागलं की ते आधी खालच्या कोपऱ्यात दिसतं. कापलं जातं ते नेमकं तेच.

एक्स-रे काढतानाही काही गोष्टी पाळाव्या लागतात. छाती डिटेक्टरला टेकवून, उभं राहून, १८० सेंटिमीटरवरून, पूर्ण श्वास भरून काढलेला एक्स-रे ही सॉफ्टवेअरची अपेक्षा असते. मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या पाहिजेत, कॉलरबोनची दोन्ही आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर हवीत. आयसीयूत झोपवून, साधारण मीटरभरावरून पुढच्या बाजूनं घेतलेल्या एक्स-रेत हृदय मोठं दिसतं, श्वास अर्धवट असला तर फुप्फुसाचा तळ धुरकट दिसतो. वैद्यकीय वापरासाठी बनवलेलं चांगलं सॉफ्टवेअर अशी फिल्म ‘तपासता येत नाही’ म्हणून परत करतं. सर्वसाधारण चॅट ॲप मात्र बहुतेक वेळा काहीतरी सफाईदार लिहून मोकळं होतं, आणि ती सफाई वाचूनच घरचे निर्धास्त होतात.

सोनोग्राफीचा फोटोवरून विचारच नको. तिथलं निदान प्रोब फिरवताना, दाबून, कूस बदलून होतं. कागदावर फक्त निवडक क्षण गोठवलेले असतात.

‘९९ टक्के अचूक’

कशाचे ९९? कुठल्या आजारासाठी, कुठल्या मशीनवर, कुठल्या लोकांत? हे सांगितल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही.

तरी वादासाठी मान्य करू: सॉफ्टवेअर १०० आजारी माणसांतले ९९ पकडतं आणि १०० निरोगी माणसांतल्या ९९ जणांना बरोबर सोडतं. जत तालुक्यातल्या तपासणी शिबिरात १,००० लोक आले आणि त्यांत आजारी १० आहेत असं समजा. ते दहाही जवळजवळ सगळे सापडतील, पण ९९० निरोगी लोकांतलेही दहाएक जण ‘आजारी’ ठरतील. म्हणजे बोट दाखवलेल्या वीस जणांतला निम्मा हिशेब चुकलेला. अचूकता ९० टक्क्यांवर आणली, तर ९ खरे आणि ९९ खोटे. आता तेच ९० टक्क्यांचं सॉफ्टवेअर मिरजेतल्या एखाद्या छातीच्या ओपीडीत लावा, जिथे हजार खोकणाऱ्यांत २०० जणांना खरंच आजार आहे असं धरू: १८० खरे, ८० खोटे. सॉफ्टवेअर तेच, पण त्याच्या ‘हो’चं वजन जागा बदलली की बदलतं. हे वजन तोलायला रुग्ण कुठून आला, त्याला ताप आहे का, वजन घटलंय का, दोन वर्षांपूर्वीच्या एक्स-रेत हाच डाग होता का, हे माहीत असावं लागतं. आपल्या भागात बऱ्या झालेल्या टीबीचे जुने व्रण असलेली आणि फाउंड्रीच्या वाळूच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलेली माणसं काही कमी नाहीत. एकट्या फोटोवरून त्यांचा डाग नवा की जुना हे ठरत नाही.

शिवाय सॉफ्टवेअर नको तेही शिकतं. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूमोनिया ओळखणारं सॉफ्टवेअर ज्या रुग्णालयांच्या फिल्मवर शिकलं तिथे चांगलं चाललं आणि बाहेरच्या रुग्णालयात घसरलं. फिल्म कुठल्या रुग्णालयातली आहे हे त्याला ओळखता येत होतं आणि तिथे न्यूमोनिया किती असतो याचा आधार ते घेत होतं. म्हणून सेंटरनं असं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी स्वतःच्या मशीनवरच्या, निदान पक्कं झालेल्या काही शे जुन्या फिल्म त्यातून काढून पाहाव्यात. विक्रेत्याच्या लॅपटॉपवरचा डेमो हा पुरावा होत नाही.

‘नॉर्मल आलं म्हणजे काही नाही’ हे मेसेजमध्ये लिहिलेलं नाही, पण वाचणारा तेच धरतो. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत साधा सीटी नॉर्मल दिसू शकतो. तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे पाहायला काढतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ॲपवर ‘रक्तस्राव नाही’ वाचून आटपाडीत घरी थांबलेल्या माणसाची ती वेळ निघून जाते. मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाची चीरही पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर प्लास्टर घालून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. दुखतं कुठे ते फोटोत नसतं.

‘स्वीडनमध्ये मशीनच रिपोर्ट करतं’

स्वीडनमधल्या ८०,००० हून जास्त स्त्रियांच्या मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) चाचणीचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. एआयच्या मदतीनं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. काम भक्कम आहे. पण तिथे नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचतात. एआयनं कमी जोखमीचे मॅमोग्राम एकाच डॉक्टरकडे दिले, जास्त जोखमीचे दोघांकडे. डॉक्टरनं न पाहिलेला मॅमोग्राम ही त्या चाचणीची पद्धत नव्हती. सांगलीत मुळात प्रत्येक मॅमोग्राम एकच डॉक्टर वाचतो. त्या ४४ टक्क्यांची वजाबाकी इथे कशातून करणार?

मेसेज लिहिणाऱ्याला याहून चांगलं उदाहरण सापडलं असतं. लिथुआनियातल्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला २०२२ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. छातीचा एक्स-रे निर्दोष असल्याची त्याला पुरेपूर खात्री असेल तरच ते आपणहून ‘नॉर्मल’ असा रिपोर्ट देतं. जिथे जरा शंका, तिथे फिल्म डॉक्टरकडे.

टीबीचं वाक्य खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यावरच्या लोकांच्या डिजिटल छाती एक्स-रेसाठी, टीबीच्या चाळणीत माणसाऐवजी सॉफ्टवेअर वापरता येईल असं सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या देशातल्या १०० दिवसांच्या टीबी मोहिमेतही हातात धरायच्या एक्स-रे मशीनबरोबर असं सॉफ्टवेअर वापरलं गेलं. गावात रेडिओलॉजिस्ट नसताना हे फार मोलाचं आहे, याबद्दल वाद नाही. पण ते चाळणीपुरतंच. सॉफ्टवेअर एक गुण देतं, ठरवलेल्या मर्यादेवर गुण गेला की बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या चाचण्यांना जातो. एक्स-रेच्या गुणावरून निदान पक्कं झालं असं कुणी धरत नाही. लहान मुलांसाठी ही शिफारसच नाही.

‘डॉक्टर लपवतात, फी बुडेल’

स्कॅनच्या बिलात रिपोर्ट धरलेलाच असतो, त्यामुळे फोटो टाकून पैसे वाचतील असं फारसं काही उरत नाही. आणि लपवायचं कशाला? ही साधनं वापरणाऱ्या सेंटरना त्यांचा उपयोगच होतो. रात्री दोन वाजता मेंदूचा सीटी झाला आणि रेडिओलॉजिस्ट घरून वाचत असेल, तर रक्तस्रावाची शंका असलेली केस सॉफ्टवेअर यादीत सगळ्यात वर आणतं. एमआरआयची वेळ कमी करायलाही अशी तंत्रं मशीनमध्येच आली आहेत.

भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून निदानासाठीचं सॉफ्टवेअरही उपकरणातच मोडतं. जास्त जोखमीच्या क आणि ड वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा आहे. कुणी सॉफ्टवेअर दाखवलं तर सीडीएससीओचा (औषधं आणि उपकरणांची केंद्रीय नियामक संस्था) परवाना क्रमांक, कुठल्या तपासणीसाठी, कुठल्या वयासाठी आणि चुकल्यास जबाबदार कोण, एवढं लेखी मागावं. फुकटच्या ॲपकडे यातलं काहीच नसतं. शिवाय फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव, वय, नंबर आणि तारीख असते, तीही फोटोबरोबर जाते.

‘डॉक्टरनं नुसती सही करायची’

हे वाक्य रुग्णांपेक्षा डॉक्टरांसाठी घातक आहे. जर्मनीतल्या २०२३ च्या एका अभ्यासात २७ रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राम वाचायला देऊन मुद्दाम काही ठिकाणी एआयचं उत्तर चुकीचं दाखवलं. एआय बरोबर असताना खूप अनुभवी डॉक्टरांची अचूकता ८२ टक्के होती, चुकलं तिथे ४५.५ टक्के. नवख्यांची सुमारे ८० वरून २० वर आली. पडद्यावर एआयनं संशयाच्या जागी काढलेला चौकोन आधीच दिसला की डोळा तिथेच अडकतो. यावर उपाय साधा आहे, कंटाळवाणा आहे, म्हणून टाळला जातो: आधी स्वतः वाचायचं, मत टाइप करायचं, मग एआयचा थर उघडायचा, आणि जिथे दोघांचं पटलं नाही ती केस वेगळ्या वहीत लिहून ठेवायची. दर महिन्याला ती वही पाहिली की सॉफ्टवेअर कुठल्या फिल्मवर हटकून चुकतं ते कळतं.

‘सरळ एमआरआय काढा’

निर्णयाला मदत करणाऱ्या साधनांचा सगळ्यात चांगला उपयोग तपासणी काढण्याआधी होतो, आणि मेसेज नेमका उलटा सल्ला देतो. पाठ अजिबात दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधली चकती फुगलेली दिसते, असं २०१५ च्या एका आढाव्यात आढळलं. सॉफ्टवेअर ती प्रत्येक फुगवटी इमानदारीनं नोंदवेल. मग माणूस ती यादी घेऊन ऑपरेशनच्या गोष्टी करत दारोदार फिरतो. लघवीवरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होणं, ताप, कर्करोगाचा इतिहास, मोठा मार, यांपैकी काही असेल तर मात्र एमआरआयला उशीर करू नये.

बंगळूर हायवेवर गाडीवरून पडलेल्या, शुद्धीवर असलेल्या माणसाचं तसंच. डोक्याच्या मारात सीटी हवा का हे ठरवणारा कॅनेडियन सीटी हेड रूल किरकोळ मारात क्षणभर शुद्ध गेली, आठवण पुसली किंवा भान गोंधळलं असेल तेव्हाच लावतात. दोनदा किंवा जास्त उलट्या, वय ६५ किंवा जास्त, दोन तासांनंतरही पूर्ण शुद्ध नसणं, कवटी किंवा तिचा तळ फुटल्याची चिन्हं, अपघाताआधीच्या अर्ध्या तासाहून जास्त वेळेची आठवण पुसणं, किंवा अपघातच धोकादायक प्रकारचा असणं (गाडीनं पादचाऱ्याला उडवणं, गाडीबाहेर फेकलं जाणं, उंचावरून पडणं): यातलं काही असेल तर सीटी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा वय १६ च्या आत असेल तर हा नियम लावायचाच नाही, म्हणजे त्यावरून सीटी नको असं ठरवायचं नाही. डॉक्टरच्या कॉम्प्युटरवर तपासणी लिहितानाच हे प्रश्न समोर आले, तर नको असलेले सीटी टळतात आणि हवे ते चुकत नाहीत.

मोबाइल वापरायचाच असेल तर तो असा वापरावा. सेंटरकडून फिल्मबरोबर सीडी किंवा लिंक मागून घ्यावी, मशीननं तयार केलेल्या मूळ, म्हणजे डायकॉम, फाइल हव्यात असं स्पष्ट सांगावं, आणि दुसऱ्या डॉक्टरला पाठवताना फोटो न पाठवता त्या फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा लिंकनं पाठवाव्यात. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट फेकू नयेत. प्रत्येक नव्या तपासणीला ते पिशवीत असावेत. रिपोर्टमधला एखादा शब्द कळला नाही, तर नाव-नंबर झाकून तेवढं वाक्य चॅट ॲपला विचारायला हरकत नाही. त्यातून निघालेले प्रश्न कागदावर लिहून रिपोर्टवर सही असलेल्या डॉक्टरला विचारावेत.