मीटर काय पूजेला ठेवलाय का?

नवतपा चालू आहे, नागपूर ४५ वर भाजतंय आणि हा एसी दुरुस्तीला आलेला पोरगा गच्चीवर एसीच्या आउटडोअर युनिटला कान लावून सांगतो, "काका, कॉम्प्रेसर गेला. नवीनच टाका." झाकणाचा एक स्क्रूही न काढता! मल्टिमीटर कुठाय रे? "अनुभव आहे ना काका." वय बावीस. आणि काका कोणाला म्हणतो?

कॉम्प्रेसर घुंऽऽ करतो, थोड्या वेळाने टक् होऊन बंद पडतो, गार झाला की पुन्हा घुंऽऽ. साध्या, बिनइन्व्हर्टरच्या दीड टनी एसीत हे दिसलं की आधी कपॅसिटर बघायचा, हे कोणालाही कळतं. तो मेला की कॉम्प्रेसरच्या मोटरला फिरायला जोर मिळत नाही, अँपिअर चढतात, जास्त करंट झाला की तोडणारा ओव्हरलोड उडतो. झाकण उघडायला लावलं, तर कपॅसिटर वरून पुरीसारखा फुगलेला! तरी साहेब ठाम. बरं, साठलेली वीज डिस्चार्ज न करताच त्यात बोटं घालायला निघालेला. ओरडलो तेव्हा थांबला.

शेवटी माझाच मीटर आणला. डोक्यावर ओला पंचा, पायाखाली तापलेली गच्ची आणि मी भर दुपारी दोनला त्याची तोंडी परीक्षा घेतोय. चष्मा खाली राहिलेला, म्हणून आकडेही त्यालाच वाचायला लावले. शेजारच्या वहिनी पापड वाळत घालायचं सोडून बघत होत्या. कपॅसिटरवर छापलंय ४५ मायक्रोफॅरड, मीटर दाखवतोय ९. मग वायरी काढून मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी. कॉमन-रन १.४ ओहम, कॉमन-स्टार्ट २.१, रन-स्टार्ट ३.५. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याशी जुळते! बॉडीला कुठेच शॉर्ट नाही. म्हणजे मोटर धडधाकट, आणि हा तिला भंगारात काढून माझ्याकडून अठरा हजार घ्यायला बसलेला. कपॅसिटर काहीशे रुपयांचा.

हे सगळे एकाच माळेचे मणी. मागच्या उन्हाळ्यातल्याने कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवरची जळकी लग (वायरीच्या टोकाची धातूची पकड) कापून तिथे नुसती वायर पिळली आणि वर काळी टेप. त्याच्या आधीचा म्हणाला, "स्टॅबिलायझर कशाला, आजकाल लागत नाही." संध्याकाळी अख्खी गल्ली एसी लावते तेव्हा इथे १७५ व्होल्ट येतात, ते काय तुझ्या घरून भरून काढू? आणि झाकणाचे पाच स्क्रू काढून तीनच परत लावायचे, हे यांना कोण शिकवतं? उरलेल्या दोनांचं करतात काय?

नवा कपॅसिटर लावला, कॉम्प्रेसर एका दमात उठला. क्लॅम्प मीटर लावला, करंट कंपनीच्या प्लेटवर लिहिलाय त्याच्या आत. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. व्हिजिट चार्ज घेतला, खाली येऊन गार पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, आता उघडलंच आहे तर गॅस पण भरून टाकू का?"

गळतच नाहीये रे! कुठे भरतोस?