१३३३ चा प्रोसेसर अन् १०६६ चा बोर्ड
जुन्या पीसीचा प्रोसेसर बदलण्यावरच्या लेखात म्हटलंय, मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या जागेत) बसला की प्रोसेसर चालतोच, तसं नसतंय ओ. इंटेलच्या कोअर टू ड्युओ ई८४०० या जुन्या प्रोसेसरची बस (प्रोसेसर अन् बोर्डातला डेटाचा रस्ता) १३३३ मेगाहर्ट्झची, म्हणजे खरं क्लॉक ३३३ अन् एका क्लॉकला चारदा डेटा, ३३३ गुणिले ९ (हा त्या प्रोसेसरचा गुणक) म्हणून प्रोसेसरचा वेग ३ गिगाहर्ट्झ. बोर्ड १०६६ पर्यंतचाच असला तर क्लॉक २६६ वर येतं आणि तोच प्रोसेसर २.४ वर पळतो, तेपण बायोसनं (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) ओळखला तर! सोलापुरात आमच्याकडं पॉवरलूमवाल्यांचे बिलिंगचे असले पीसी अजून येतात, त्यांना मी सांगतो प्रोसेसर राहू दे, एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) टाका. साटा २ वर (जुन्या बोर्डावरचं डिस्कचं कनेक्शन) सेकंदाला ३०० एमबीच्या आतच राहील पण हार्डडिस्कपेक्षा लई बरा. आणि डीडीआर२ रॅमच्या बोर्डाला डीडीआर३ रॅम आणू नका, खाच वेगळी असते, बसतच नाही.